छतातली चांदी आणि भिंतीतले रुपये



गेल्या काही भागांत आपण किल्ले पाहिले, लढाया पाहिल्या. आजचा विषय तळहातावर मावणारा आहे. जुनी नाणी, ती जमवण्याचा छंद आणि ती विकण्याचा व्यवहार. खरे म्हणजे हा विषय मी निवडलेला नाही, तुम्हीच निवडलात. पानिपतावर बोलताना मी सहज म्हणून गेलो होतो की माझ्याकडे थोडी मराठेशाहीतली नाणी आहेत. झाले! त्यानंतर लढाईविषयी जेवढे प्रश्न आले त्याच्या दुप्पट नाण्यांविषयी आले. इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद, सगळीकडून. आणि निम्म्या प्रश्नांचा सूर एकच: "कर्नलसाहेब, आमच्याकडे अमुक एक नाणे आहे, त्याचे किती येतील?"

तर पैशांचे आधी उरकून टाकू, म्हणजे मग इतिहासाकडे निवांत वळता येईल.

वैष्णोदेवीची प्रतिमा असलेल्या पाच रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये मिळत नाहीत. ७८६ आकडा असलेल्या नोटेने कोणी श्रीमंत होत नाही. मोबाइलवर जाहिरात येते, तुम्ही फोटो पाठवता, समोरचा गोड बोलून आठ लाखांचा आकडा सांगतो, आणि मग सुरू होतात नोंदणीची फी, जीएसटी, कुरिअरचा विमा. तुम्ही भरत राहता, आठ लाख काही येत नाहीत. या ठकबाजीत रिझर्व्ह बँकेचे नाव इतके वापरले गेले की ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेने जाहीर निवेदन काढले: अशा व्यवहारांशी आमचा संबंध नाही, आम्ही त्यासाठी कमिशन घेत नाही आणि कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही. माझ्या पलटणीतल्या एका निवृत्त सुभेदाराचे पेन्शनमधले पैसे असेच गेले. सीमेवर ज्याला कोणी फसवू शकले नाही, त्याला एका व्हॉट्सअ‍ॅप मेसेजने फसवले.

दुसरा प्रकार मी घराजवळच पाहतो. मी राहतो दिल्लीत, सरोजिनी नगरात, मुलीच्या सरकारी क्वार्टरमध्ये. इथला बाजार तुमच्यापैकी ज्यांनी दिल्ली पाहिली त्यांना माहीत असेलच. एक्सपोर्टचे उरलेले कपडे, दोनशेला सांगितलेला शर्ट सत्तरला मागायचा, आणि दुकानदाराने "चलो मॅडम, ले जाओ" म्हणेपर्यंत पाठ फिरवून चालत राहायचे. या गर्दीत कधीमधी एखादा माणूस फडके अंथरून जुनी नाणी घेऊन बसतो. त्यात हमखास असते ते ईस्ट इंडिया कंपनीचे 'हाफ आना १८१८', एका बाजूला रामदरबार किंवा हनुमान. लोक हात जोडून विकत घेतात. मंडळी, कंपनीने असे नाणे कधी पाडलेच नाही. सगळ्या प्रांतांसाठी एकसारखी नाणी कंपनीने आणली ती १८३५ मध्ये, त्यातल्या रुपयांवर चौथ्या विल्यमचा मुखवटा होता, आणि तांब्याचा अर्धा आणाही त्याच मालिकेतला. १८१८ चे रामदरबारी नाणे म्हणजे देवळाबाहेर मिळणाऱ्या पदकासारखी वस्तू आहे. श्रद्धेने घ्यायची तर जरूर घ्या, दहा-वीस रुपयांत. पण एखाद्याने ते तांदूळ ओढून घेते, त्यात इरिडियम आहे, परदेशी कंपनी कोट्यवधी देते असे सांगितले, तर गप्पा न मारता पोलीस ठाणे गाठा. 'राइस पुलर' नावाच्या या फसवणुकीत देशभर लोकांची घरेदारे गेली आहेत.

झाले. आता खऱ्या नाण्यांकडे.

महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत देवघराच्या डब्यात शिवराई असते. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला आणि स्वराज्याचे स्वतःचे नाणे आले: सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्रपति'. होन आज फारच दुर्मीळ आहे, आणि बाजारात जो 'होन' तुमच्यासमोर येईल तो खोटा आहे असे धरूनच चाला. शिवराई मात्र पुष्कळ, कारण ती पुढे शंभर-दीडशे वर्षे पडत राहिली. पेशवाईतली दुदांडी शिवराई तर इंग्रजी अंमल आल्यावरही खेड्यापाड्यांच्या बाजारात चालत होती. म्हणून साधी दुदांडी शिवराई आजही काही शे रुपयांत मिळते. दुर्मीळ ती नव्हे. दुर्मीळ ती जुनी, महाराजांच्या काळातली, ज्यावर अक्षरे पूर्ण उमटली आहेत. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे बहुतेक शिवरायांवर निम्मीच अक्षरे सापडतात. कुठे 'राजा' आहे पण 'श्री' बाहेर गेली आहे, कुठे 'पति' आहे आणि 'छत्र' अर्धेच.

राज्याभिषेकाला हेन्री ऑक्झिंडेन हा इंग्रजांचा वकील आला होता. त्याच्या मागण्यांपैकी एक अशी होती की इंग्रजांची नाणी महाराजांच्या मुलखात चालावीत. महाराजांचे उत्तर मला फार आवडते. त्याचा आशय असा, की आमच्या राज्यात कुठल्याच नाण्याला बंदी नाही, पण ज्यात रयतेचे नुकसान आहे असे नाणे घेण्याची सक्ती मी तिच्यावर करणार नाही. तुमचे नाणे वजनाला आणि कसाला खरे असेल तर ते आपोआप चालेल. अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवावे असे हे उत्तर आहे.

वजन आणि कस. जुन्या काळी नाण्याचा सगळा जीव या दोन शब्दांत होता. पेशवाईत एकाच वेळी डझनांनी रुपये चलनात असत आणि प्रत्येकाचा भाव वेगळा. सराफ रुपया हातात घेई, वाजवून पाही, शंका आली तर बारीक छिन्नीने खूण करून आतली चांदी तपासे, आणि मग कमी कसाच्या रुपयावर बट्टा कापे. आपण 'नावाला बट्टा लागला' म्हणतो तो हाच बट्टा. आज बाजारात सराफाच्या खुणांमुळे नाण्याची किंमत उतरते. मला ते पटत नाही. ती खूण म्हणजे नाणे कुणाच्या तरी पेढीवरून गेले याचा शिक्का आहे. पण बाजार माझे ऐकत नाही.

आता ज्या पत्रामुळे हा भाग करावासा वाटला त्याकडे येतो. ग्वाल्हेरहून एका मराठी गृहस्थांनी लिहिले. नाव-गाव सांगत नाही, कारण पुढे लक्षात येईल. जुन्या वाड्याची भिंत उतरवताना त्यांना तांब्याचा लहान गडू सापडला, त्यात चांदीचे रुपये. तिघा भावांत वाटून घ्यायचा विचार होता. सराफाने वजनावर भाव सांगितला होता. त्यांचा प्रश्न मात्र पैशांचा नव्हता. त्यांनी विचारले, "आमचे पूर्वज शिंद्यांच्या चाकरीत होते असे घरात सांगतात. पण हे सगळे रुपये फार्सी अक्षरांचे, शाह आलम बादशहाच्या नावाचे आहेत. मग घरातली गोष्ट खोटी म्हणायची का?"

खोटी नाही. उलट हे रुपये त्या गोष्टीला बळ देतात.

मंडळी, अठराव्या शतकात मराठ्यांचे राज्य अटकेपासून तंजावरपर्यंत पोहोचले, तरी मराठ्यांचे बहुतेक रुपये मोगल बादशहाच्या नावाने पडत. कारण सोपे आहे. तांब्याची शिवराई गावच्या बाजारात फिरे, पण रुपया फिरे तो सुरत, बनारस, मुर्शिदाबादच्या पेढ्यांवर. तिथल्या सावकाराला दीडशे-दोनशे वर्षे ओळखीचा झालेला रुपया बादशहाच्या नावाचा होता. नाव बदलले की त्याने हात आखडता घेतलाच म्हणून समजा. शिवाय दिल्लीची गादी राखायची आणि तिच्या आडून सत्ता आपण चालवायची हे मराठ्यांचे धोरणच होते. म्हणून नाव बादशहाचे आणि खूण आपली. पुण्याच्या रुपयावर अंकुश दिसतो, त्यावरून 'अंकुशी रुपया'. अहिल्याबाई होळकरांच्या महेश्वरच्या रुपयावर शिवलिंग आणि बेलाचे पान आहे, आणि मजकूर शाह आलमचा! एका चांदीच्या चकतीवर फार्सी लेख आणि बेलाचे पान शेजारी शेजारी. शिंद्यांच्या रुपयांवरही पुढे पुढे नागरी अक्षरे डोकावू लागतात. हे वाचायला शिकलात की बादशहाचे नाव फक्त कपाळ असते, चेहरा खालच्या खुणेत असतो.

आणि या सगळ्यातले सर्वांत विलक्षण नाणे माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर, शाहजहानाबादेत पडले.

१७६० च्या ऑगस्टच्या सुरुवातीला सदाशिवराव भाऊंनी दिल्ली घेतली. फौज मोठी, बरोबर बुणगे त्याहून मोठे, यमुनेला पूर, मुलूख ओसाड, आणि वसूल येत नव्हता. दुआबातून रसद आणि पैसा पाठवण्याची जबाबदारी गोविंदपंत बुंदेल्यांवर होती, तिथून पुरेसे येत नव्हते. मी आयुष्यभर फौजेत होतो. शत्रू किती आहे हा प्रश्न सेनापती दिवसातून एकदा विचारतो, उद्याचा शिधा कुठून येणार हा दहा वेळा. भाऊंनी दिवाण-ए-खासचे चांदीचे छत उतरवले, वितळवले आणि त्याचे रुपये पाडले. इतिहासकार साधारण नऊ लाखांचा आकडा देतात. सूरजमल जाटाला हे मुळीच रुचले नव्हते असे सांगतात. आपल्याकडे यावरून भाऊंना दोष देणारे आहेत, त्यांची कड घेणारेही आहेत. माझे मत विचाराल तर ज्याच्या हजारो घोड्यांना उद्याची चंदी नाही, त्याला छताच्या नक्षीची चर्चा परवडत नाही. इतके करूनही त्या पैशांत फार दिवस निघाले नाहीत, आणि १४ जानेवारी १७६१ ला काय झाले ते आपण दोन भागांत पाहिलेच आहे. लाल किल्ल्यात आज जे लाकडी छत दिसते ते पुष्कळ नंतरचे.

आता छंदाची गंमत इथे आहे. तेव्हा दिल्लीच्या गादीवर होता तिसरा शाहजहान. वजीर इमाद-उल-मुल्कने १७५९ च्या अखेरीस दुसऱ्या आलमगिराचा खून करवून याला बसवले होते. १० ऑक्टोबर १७६० ला भाऊंनी त्याला उतरवले आणि शाह आलमची द्वाही फिरवली. मधल्या काळात, १३ ऑगस्टला, हिजरी ११७४ साल लागले. म्हणजे एखाद्या रुपयावर तिसऱ्या शाहजहानचे नाव, शाहजहानाबाद टांकसाळ आणि ११७४ हे साल अशा तिन्ही गोष्टी स्पष्ट असतील, तर तो रुपया १३ ऑगस्ट ते १० ऑक्टोबर या अवघ्या दोन महिन्यांत पडलेला असायला हवा. मराठे दिल्लीत होते तेव्हा, त्यांच्या हुकमतीखाली. त्या एका रुपयातली चांदी छताचीच आहे असे कोणी शपथेवर सांगू शकत नाही. पण तारखांची ही जुळणी करायला प्रयोगशाळा लागत नाही, हिजरी कॅलेंडर आणि भिंग पुरते. कुठल्याही पुस्तकाने मला १७६० चा पावसाळा इतका जवळ आणून दिला नाही.

त्याच दिल्लीतला मराठ्यांचा शेवटही नाण्यावर सापडतो. महादजी शिंदे १७८४ मध्ये बादशहाचे वकील-ए-मुतलक झाले आणि त्यानंतर बरीच वर्षे बादशहाचे नाव आणि शिंद्यांचा हात असा कारभार चालला. ११ सप्टेंबर १८०३ ला यमुनेपलीकडे पटपडगंजजवळ जनरल लेकने शिंद्यांच्या पलटणींचा पराभव केला. त्या लढाईचा स्तंभ आज नॉयडाच्या गोल्फ कोर्सच्या हिरवळीवर उभा आहे. मी तिथे गेलो तेव्हा खेळणाऱ्यांपैकी एकालाही तो कशाचा ते माहीत नव्हते. लढाईनंतर शाह आलमच्याच नावाचे जे नवे रुपये निघाले त्यांच्या कडेने गुलाब, थिसल आणि शॅमरॉकची वेल आहे. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडची ती फुले. नाव तेच, बादशहा तोच. आधी मराठ्यांचा हात होता, आता इंग्रजांचा. राज्य कोणाचे आले हे दवंडीआधी नाण्याच्या काठाने सांगितले.

हे सगळे मी ग्वाल्हेरच्या गृहस्थांना लिहिले. आणि शेवटी जे लिहिले ते त्यांना बहुधा आवडले नसेल: वाटणी थांबवा, सराफाकडे जाऊ नका, आधी कलेक्टरला लेखी कळवा.

१८७८ चा 'ट्रेझर ट्रोव्ह' कायदा आजही लागू आहे. जमिनीत, किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही, म्हणजे भिंतीतसुद्धा, दडवलेले दहा रुपयांहून जास्त किमतीचे धन सापडले तर कलेक्टरला कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास शिक्षा आहे. लोकांना वाटते, सरकार फुकट घेऊन जाते. म्हणून नाणी रातोरात सोनाराच्या मुशीत जातात. कायद्यात मात्र वेगळे लिहिले आहे. चौकशीअंती धन बेवारस ठरले आणि जागेचा मालक दुसराच असला, तर सापडवणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि मालकाला एक चतुर्थांश, आपसात काही ठरले नसेल तर. सरकारला ते हवे असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. चकरा मारायला लागतात हे मी नाकारत नाही. तीस वर्षे सरकारी नोकरी केलेला माणूस ते कसे नाकारील?

पण वाटणी का थांबवायची? त्यासाठी नाशिकला चला. १९०६ मध्ये नाशिकजवळच्या जोगलटेंभी गावी चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त नाणी. सगळी क्षहरात राजा नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाच्या चेहऱ्यावरच तीन कमानींचा डोंगर! नाशिकच्या लेण्यातल्या शिलालेखात गौतमीपुत्राची आई बलश्री म्हणते की माझ्या मुलाने क्षहरातांचा वंश निखालस संपवला. आईने मुलाचे कौतुक केले आहे, थोडे वाढवूनही केले असेल, असे कोणीही म्हटले असते. जोगलटेंभीच्या साठ्याने त्या वाक्याला पुरावा दिला. आता कल्पना करा, ती तेरा हजार नाणी गावातल्या घरांनी मूठमूठ वाटून घेतली असती आणि बाजारात एकेक करून विकली असती. ठसा मारलेले एखादे नाणे मुंबईत, एखादे लंडनमध्ये मिळाले असते. सुंदर म्हणून कोणी जपलेही असते. पण दर तीन नाण्यांमागे दोनांवर जेत्याचा शिक्का आहे, हे कोणाला कधीच कळले नसते. ती माहिती कुठल्याही एका नाण्यात नाही, ती साठ्यात आहे.

विकायला माझा विरोध नाही, हे स्पष्ट सांगतो. मीही नाणी विकली आहेत. दोन सारखी असली की एक विकून तिसरे घ्यायचे, छंद असाच चालतो. विकताना पावती द्या, घेताना पावती घ्या, आणि नाणे कुठून आले ते पाकिटावर लिहा. शंभर वर्षांहून जुने नाणे कायद्याने पुरातन वस्तू ठरते. त्याचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. न्यू जर्सीच्या भाच्याला मुंजीत आजोबांची शिवराई पाठवू म्हणणाऱ्या काकूंनी हे ऐकून ठेवावे. त्याला फोटो पाठवा. आणि काकू, डब्यातली शिवराई दिवाळीला चिंच लावून, पितांबरीने घासून लख्ख करू नका! तांब्यावर चढलेली तपकिरी-हिरवट झाक हे तिचे वय आहे. घासले की वयही जाते, अक्षरेही जातात आणि किंमतही जाते.

नव्याने सुरुवात करणाऱ्या मुलांसाठी एकच सांगतो. खिशातल्या नाण्यांपासून सुरू करा, फुकट आहे. सालाच्या खाली पाहा: चौकोनी हिरा असेल तर मुंबईची टांकसाळ, चांदणी असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर १९८८ मध्ये सुरू झालेली आमची नॉयडा, काहीच नसेल तर कोलकाता. चारही टांकसाळींचे एकेक नाणे जमवा आणि मग पुढचे बोलू. अभ्यास वाढवायचा असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे, आणि दिल्लीला आलात तर जनपथावरचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. तिथे मी अनेकदा असतो.

ग्वाल्हेरच्या भावांचे उत्तर मागच्या आठवड्यात आले. धाकटा नाराज आहे, पण अर्ज दिला आहे. मधल्याने सगळे रुपये मोजून, एकेकाचे वजन करून, दोन्ही बाजूंचे फोटो काढायला घेतले आहेत. पहिल्या चाळीस रुपयांचे फोटो माझ्याकडे पोहोचले. त्यांतल्या अकरा रुपयांवर एकाच आकाराची, चंद्रकोरीसारखी, सराफाची खूण आहे. बाकीचे आले की पुढच्या भागात दाखवीन.